डॉल्फिन पाहायला निघण्यापूर्वी : देवबाग-तारकर्ली

होडीत बसण्याआधी एवढं वाचून घ्या, म्हणजे नजर कुठे ठेवायची ते कळेल. बहुतेक पाहुण्यांच्या मनात टीव्हीवरचा, हवेत उंच उडी घेणारा डॉल्फिन असतो. आपल्या किनाऱ्यालगत दिसतो तो वेगळा. त्याचं शास्त्रीय नाव सूसा प्लंबिया; इथले मच्छीमार त्याला गादा म्हणतात. स्वभावाने बुजरा, उड्या क्वचितच मारतो.

आधी लांब, निमुळती चोच पाण्याबाहेर येते. मागोमाग पाठ वर येते. तिच्यावर बैलाच्या वशिंडासारखा उंचवटा असतो आणि त्या उंचवट्यावर छोटासा पर. ही त्याची पक्की खूण. मग पाठ कमानदार वळते, कधीकधी शेपटी दिसते आणि स्वारी गायब. पुन्हा वर येईल मिनिटभराने, तेही बऱ्याचदा भलत्याच बाजूला. म्हणून मोबाईल बाजूला ठेवून आधी डोळ्यांनी बघा, हा आमचा आग्रह.

रंग गडद राखाडी, पोटाकडे फिका. इंटरनेटवर दिसणारे गुलाबी डॉल्फिन हे याचे चीनकडचे भाऊबंद. ते इथे शोधू नका. पूर्ण वाढलेला गादा साधारण अडीच मीटर लांब आणि दोनशे किलोच्या आसपास भरतो. जन्मतः पिल्लू मीटरभर असतं आणि बराच काळ आईला बिलगून पोहतं. मादी दहा ते बारा महिने गाभण राहते, एका वेळी एकच पिल्लू देते आणि दोन बाळंतपणांत काही वर्षं जातात. संख्या पटकन वाढत नाही ती यामुळेच. जगभरात ही जात धोक्यात आलेली आहे. आपल्याकडे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत तिला संरक्षण आहे.

हा खोल समुद्रातला प्राणी नाही. वीस-पंचवीस मीटरपेक्षा कमी खोलीचं पाणी आणि खाडीची मुखं त्याला आवडतात, कारण बोय, तारलीसारखी मासळी तिथे मिळते. म्हणून आम्ही कर्ली खाडीच्या मुखाजवळ थांबतो. तिथलं पाणी गढूळ. गादा आवाज सोडतो आणि त्याच्या प्रतिध्वनीवरून मासा हेरतो. इंजिनाची घरघर त्यात आड येते. तेव्हा डॉल्फिन दिसल्यावर तांडेलाने इंजिन बंद केलं, तर ‘अजून जवळ घ्या’ असा हट्ट धरू नका. शिट्ट्या, आरडाओरडा नको. बिस्किटं टाकू नका, तो खात नाही. पिल्लू सोबत असेल तर आम्ही लगेच मागे फिरतो.

दर्शनाची हमी आम्ही देत नाही. सकाळी वारा पडलेला असतो, पाणी सपाट असतं, तेव्हा पर लांबूनही दिसतो. पहिल्या फेरीलाच या.