मिस्त्री डिस्ट्रिब्युटरला ‘डेल्को’ का म्हणतात? जुन्या स्पोर्ट्स कारच्या करंटची पार्श्वभूमी

मामांची एमजीबी ही ब्रिटिश स्पोर्ट्स कार १९६५ ची आहे. गेल्या मे महिन्यात ती जुन्या कात्रज घाटात बोगद्याच्या थोडं अलीकडे बंद पडली, आणि घाटात गाडी बंद पडली की थांबणारा प्रत्येक जण सांगतो तेच आम्हालाही सांगितलं, पेट्रोल गरम झालंय, कार्बोरेटरवर ओलं फडकं टाका. टाकलं. अर्ध्या तासाने गाडी चालू झाली, सगळ्यांना वाटलं फडक्याने काम केलं, आणि दोन वळणांनंतर परत तेच. खरं तर मागच्या चाकाजवळचा पेट्रोल पंप टिकटिक करून शांत होत होता, म्हणजे पेट्रोल पोचत होतं. शेवटी नाना पेठेतल्या ओळखीच्या मिस्त्रींना बोलावलं. त्यांचं सगळं आयुष्य अँबॅसिडरवर गेलंय, एमजीबीला त्यांनी त्या दिवशी पहिल्यांदा हात लावला, पण बॉनेट उघडून ते लगेच म्हणाले, “मामा, आधी डेल्को बघू द्या.”

आता त्या डिस्ट्रिब्युटरवर, म्हणजे प्रत्येक प्लगला आळीपाळीने ठिणगीचा करंट वाटणाऱ्या भागावर, नाव आहे लुकास या ब्रिटिश कंपनीचं, डेल्कोचं नाही. मग हा शब्द आला कुठून? याचा शोध घेतला की इग्निशनचा, म्हणजे इंजिनात ठिणगी पाडणाऱ्या यंत्रणेचा, अख्खा इतिहास उलगडतो, आणि माझं तर स्पष्ट मत आहे की तो माहीत असल्याशिवाय जुन्या गाडीचा करंटचा फॉल्ट शोधायला बसूच नये.

अमेरिकेत ओहायोमधल्या डेटन गावात चार्ल्स केटरिंग नावाचा इंजिनिअर होता, आधी कॅश रजिस्टरच्या कंपनीत नोकरीला. १९०९ मध्ये त्याने आणि त्याच्या साथीदाराने डेटन इंजिनिअरिंग लॅबोरेटरीज कंपनी काढली, तिचं आखूड नाव डेल्को. त्यांची बॅटरीवर चालणारी इग्निशन १९१० च्या कॅडिलॅकमध्ये बसली, आणि १९१२ च्या कॅडिलॅकमध्ये तर स्टार्टर, दिवे, इग्निशन सगळंच विजेवर. त्याआधी जोर होता मॅग्नेटोचा. बॉशच्या कारखान्यात गॉटलोब होनोल्डने १९०२ मध्ये हाय व्होल्टेज मॅग्नेटो केला, त्याला बॅटरीच लागत नाही, इंजिन फिरलं की तो स्वतः करंट तयार करतो, पण हळू फिरलं की ठिणगी कमजोर, म्हणून हँडल मारून मारून माणसाचा दम निघायचा. बॅटरीवाल्या पद्धतीने ही कटकट संपवली, आणि कंपनीचं नाव वस्तूलाच चिकटलं, वनस्पती तुपाला आपण डालडा म्हणतो ना, तसंच.

केटरिंगची कल्पना अजूनही तीच आहे. डिस्ट्रिब्युटरमधले पॉइंट, म्हणजे उघडझाप करणारे छोटे संपर्क, मिटले की कॉइलच्या (जाड आणि बारीक अशा दोन वायरींच्या वेटोळ्याच्या) जाड वायरीतून १२ व्होल्टचा करंट वाहतो आणि चुंबकत्व तयार होतं, पॉइंट उघडले की ते एकदम कोसळतं आणि बारीक वायरीच्या हजारो वेढ्यांमध्ये पंधरा-वीस हजार व्होल्ट उठतात. ‘एकदम’ हा शब्द इथे सगळ्यात महत्त्वाचा. पॉइंट उघडताना तिथेच ठिणगी पडत राहिली तर कोसळणं सावकाश होतं आणि प्लगपर्यंत काही पोचत नाही, म्हणून शेजारी बोटाच्या पेराएवढा कंडेन्सर बसवलेला असतो. चार सिलिंडरचं इंजिन ३००० आरपीएमवर असलं की हे पॉइंट सेकंदाला १०० वेळा उघडतात, विचार करा.

मिस्त्रींनी इंजिन गरम असतानाच डिस्ट्रिब्युटरची कॅप काढली, स्विच चालू ठेवून स्क्रूड्रायव्हरने पॉइंट उघडले तर तिथे निळसर ठिणगी चांगली मोठी पडत होती, आणि कॉइलची मधली वायर इंजिनजवळ धरली तर तिथे पिवळी, मरतुकडी. कंडेन्सर गेला. आत फॉइल आणि कागदाची गुंडाळी असते, गरम झाली की आतला जोड सुटतो आणि गार झाली की परत जुळतो, म्हणून ओल्या फडक्याला फुकट श्रेय मिळालं.

अँबॅसिडरच्या माणसाला एमजीबी का कळली, यालाही इतिहास आहे. अँबॅसिडरमध्ये बरीच वर्षं जे १४८९ सीसीचं इंजिन होतं ते ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनचं बी सिरीज, तेच १९५५ च्या एमजीए स्पोर्ट्स कारमध्ये होतं, आणि एमजीबीचं १७९८ सीसी इंजिन त्याच घराण्यातलं. फायरिंग ऑर्डर (सिलिंडर पेटण्याचा क्रम) १-३-४-२ तीच, पॉइंटचा गॅप पंधरा थाऊ (इंचाचे हजारावे भाग) तोच. शिवाय १९६१ पासून मद्रासला लुकास-टीव्हीएस सुरू झाली, त्यामुळे लुकासच्या घडणीचे डिस्ट्रिब्युटर आपल्या मिस्त्रींच्या हातातून हजारोंनी गेले.

लुकास कंपनी मूळची बर्मिंगहॅमची, दिव्यांची. पहिलं महायुद्ध सुरू झालं तेव्हा ब्रिटनची मॅग्नेटोसाठी जर्मनीवर मोठी भिस्त होती आणि तो पुरवठा तुटला, त्याच १९१४ साली लुकासने थॉमसन-बेनेट ही मॅग्नेटो करणारी कंपनी घेतली आणि ती इग्निशनमध्ये शिरली. पुढे लोकांनी लुकासला ‘अंधाराचा राजपुत्र’ असं नाव ठेवलं. मला ते अन्यायाचं वाटतं, कारण पन्नास-साठ वर्षांच्या गाडीत सापडणारे निम्मे फॉल्ट मूळ वस्तूचे नसतात, नंतर कोणीतरी केलेल्या जोडाजोडीचे असतात.

त्यातला सगळ्यात मोठा घोळ पॉझिटिव्ह अर्थचा. १९३० च्या दशकात ब्रिटिश गाड्या बॅटरीचं पॉझिटिव्ह टोक बॉडीला जोडायला लागल्या, टर्मिनल कमी गंजतात आणि प्लगला फायदा होतो असं कारण दिलं जायचं. प्लगचं मधलं टोक जास्त तापतं आणि तापलेल्या टोकातून इलेक्ट्रॉन सहज सुटतात, म्हणून ते टोक निगेटिव्ह असलं की कमी व्होल्टेजमध्ये ठिणगी पडते. मग अल्टरनेटर आणि ट्रान्झिस्टर आले तसं जग निगेटिव्ह अर्थकडे वळलं, एमजीबी १९६७ च्या शेवटी वळली. मामांची गाडी त्याच्या आधीची, पण मधल्या कुठल्यातरी मालकाने ती निगेटिव्ह करून घेतलेली आणि कॉइलच्या वायरी मात्र जुन्या जागीच ठेवलेल्या! गाडी चालते, म्हणून कोणाच्या लक्षात येत नाही, पण ठिणगी उलटी पडते, जास्त व्होल्टेज लागतं आणि पावसात कॅपमध्ये जरा दमट झालं की मिसिंग, म्हणजे मधूनच ठिणगी चुकणं, सुरू. वायरी अदलाबदल केल्या, दोन मिनिटांचं काम.

एवढं करूनही एक त्रास उरला. हलक्या पायाने चालवली की मिस मारायची आणि पूर्ण दाबली की नीट, म्हणजे नेहमीपेक्षा उलटंच. इथे परत इतिहास कामाला आला. पूर्वी टायमिंग (ठिणगी पडण्याची वेळ) पुढे-मागे करायला स्टिअरिंगवर दांडी असायची आणि ड्रायव्हर कानाने ऐकून ती हलवायचा, नंतर ते काम फिरत्या वजनांकडे गेलं आणि पुढे इंजिनच्या ओढीने तयार होणाऱ्या व्हॅक्यूमकडे. हलक्या पायावर व्हॅक्यूम जास्त, तो पॉइंटची प्लेट थोडी फिरवतो. प्लेट फिरते म्हणून तिचं अर्थिंग बारीक विणलेल्या वायरीने केलेलं असतं, जेमतेम दीड-दोन इंचाची, वर कापडी आवरण. मिस्त्रींनी चिमट्याने ती हळूच ओढली तर आवरण लांबलं, आत तांब्याचे धागे तुटलेले, बाहेरून वायर अगदी धडधाकट. त्यांनी जुन्या मल्टिमीटरच्या लीडमधली मऊ वायर कापून तिथे डाग दिला.

मामांच्या मुलाचं म्हणणं, पॉइंटऐवजी इलेक्ट्रॉनिक किट टाका, संपला विषय. मी त्याच्या विरोधात नाही, पॉइंट घासायला नकोत, गॅप बघायला नको. पण तिथेही मागचं बघावं. १९७१ च्या जॅग्वार ई-टाईप व्ही-१२ मध्ये लुकासने ओपस नावाची इलेक्ट्रॉनिक इग्निशन दिली, तिचा अँप्लिफायर इंजिनच्या व्ही आकाराच्या खाचेत, सगळ्यात गरम जागी, आणि उष्णतेने तो दगा द्यायचा. आपल्याकडे मे महिन्यात घाट चढताना बॉनेटखाली काय होतं ते सांगायला नको, आणि किट गेलं तर रस्त्यावर दुरुस्त करता येत नाही, बदलावंच लागतं. शिवाय पॉझिटिव्ह अर्थचं किट वेगळं येतं, चुकीचं जोडलं की क्षणात जळतं. त्यामुळे किट घेण्याआधी बॅटरीचं कुठलं टोक बॉडीला आहे ते स्वतःच्या डोळ्यांनी बघा, गाडीच्या पुस्तकावर किंवा जुन्या मालकाच्या शब्दावर जाऊ नका.

मामांनी अजून पॉइंटच ठेवलेत. डिकीत बिस्किटाचा पत्र्याचा डबा असतो, त्यात एक पॉइंटचा सेट, एक रोटर (डिस्ट्रिब्युटरमधला फिरता भाग), फीलर गेज (गॅप मोजायच्या पट्ट्या), पॉलिश पेपरचा तुकडा आणि दोन कंडेन्सर, दोन्ही आधी गाडीवर आठवडाभर चालवून बघितलेले, त्यावर मामांनी मार्करने तारीख घातलीये.