राज्यशास्त्रातील पीएच.डी.चा अर्ज : पात्रता, कागदपत्रे आणि तो नेमका कुठे अडकतो

राज्यशास्त्रात पीएच.डी. करू इच्छिणारे विदर्भाच्या खेड्यापाड्यांतील जे अर्जदार परत पाठवले जातात, त्यांतले विषयाचे ज्ञान कमी पडले म्हणून परतणारे फार थोडे असतात. बहुतेकांना अडवते ते मुदत संपलेले एखादे प्रमाणपत्र, वेळेवर न मिळालेले मार्गदर्शकाचे संमतिपत्र किंवा अधिसूचनेतील घाईने वाचलेली एखादी तारीख. ऑनलाइन नोंदणी करणे, शुल्क भरणे, छायाचित्र चढवणे ही कामे तालुक्याच्या ठिकाणी कोणीही करून देतो; त्यामुळे पुढील मजकूर मुख्यतः अडणाऱ्या गोष्टींविषयी आहे.

विदर्भाच्या अकरा जिल्ह्यांपैकी अमरावती, अकोला, बुलढाणा, वाशीम आणि यवतमाळ हे संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठाकडे, नागपूर, वर्धा, भंडारा आणि गोंदिया हे राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठाकडे, तर चंद्रपूर आणि गडचिरोली हे गोंडवाना विद्यापीठाकडे आहेत. अर्जदार मात्र आपल्याच जिल्ह्याच्या विद्यापीठाशी बांधलेला नसतो. मान्यताप्राप्त संशोधन केंद्र आणि जागा रिकामी असलेला मार्गदर्शक जिथे मिळेल, तिथे त्याला अर्ज करता येतो.

पात्रतेचा पाया विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नोव्हेंबर २०२२ च्या विनियमांत आहे. पदव्युत्तर पदवीला किमान ५५ टक्के गुण लागतात. अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती, नॉन-क्रीमी लेयरमधील इतर मागासवर्ग, दिव्यांग आणि आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक यांना त्यात पाच टक्क्यांची सवलत आहे. चार वर्षांची पदवी ७५ टक्के गुणांनी घेतलेल्यालाही अर्ज करता येतो, एम.फिल. हा अभ्यासक्रम याच विनियमांनी बंद झाला. ५४.८० म्हणजे ५५ नव्हे, हे दरवर्षी कोणाला तरी खिडकीवर उभे राहून ऐकावे लागते. गुणपत्रिकेवर केवळ श्रेणी किंवा श्रेयांक-सरासरी असेल, तर टक्केवारीत रूपांतर करणारे विद्यापीठाचे पत्र सोबत जोडावे, कारण अर्जदाराने स्वतः केलेला हिशेब कोणी धरत नाही. एम.ए. लोकप्रशासनात किंवा समाजशास्त्रात झाले असेल, तर तो विषय त्या विद्यापीठाला राज्यशास्त्रासाठी चालतो की नाही, याची खात्री शुल्क भरण्यापूर्वीच करून घ्यावी.

प्रवेशाचे दोन मार्ग आहेत. पहिला विद्यापीठाच्या प्रवेश परीक्षेचा, म्हणजे 'पेट'चा. या परीक्षेत निम्मे प्रश्न संशोधन पद्धतीवर आणि निम्मे विषयावर असतात, आणि उत्तीर्ण होण्यासाठी ५० टक्के गुण लागतात. राजकीय विचारवंत पाठ असलेला हुशार विद्यार्थी नमुना निवड आणि गृहीतकृत्य यांवर अडखळतो, कारण संशोधन पद्धतीचा पेपर त्याने एम.ए.ला कसाबसा उरकलेला असतो. दुसरा मार्ग 'नेट'चा, म्हणजे राष्ट्रीय पात्रता परीक्षेचा आहे. जून २०२४ पासून नेटचा निकाल तीन गटांत लागतो : जेआरएफसह (म्हणजे कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्तीसह), सहायक प्राध्यापक व पीएच.डी. प्रवेश, आणि केवळ पीएच.डी. प्रवेश. यांतील दुसऱ्या व तिसऱ्या गटाचे गुण पीएच.डी. प्रवेशासाठी एकच वर्ष ग्राह्य असतात, आणि निवडीत त्यांना ७० टक्के व मुलाखतीला ३० टक्के भार असतो. नेट एकदा उत्तीर्ण झालो म्हणजे कायमचे पात्र झालो, या समजुतीत सहायक प्राध्यापकपदाची पात्रता आणि पीएच.डी. प्रवेशाची पात्रता यांची गल्लत होते. पहिली कायम राहते, दुसरी वर्षभरात संपते. विद्यापीठाने त्या वर्षी पेट ठेवली आहे की नेटचेच गुण मागितले आहेत, हे त्याच वर्षीच्या अधिसूचनेत पाहावे. मागच्या वर्षी शेजारच्या मुलाने काय केले, त्यावर विसंबू नये.

जातीच्या कागदपत्रांचा प्रश्न सर्वांत अवघड आहे. जात प्रमाणपत्र जवळपास प्रत्येकाकडे असते, पण राखीव जागेवर प्रवेश घेताना जात वैधता प्रमाणपत्र, म्हणजे जात पडताळणी समितीने तपासून दिलेले प्रमाणपत्र, मागितले जाते, आणि कला शाखेच्या विद्यार्थ्याकडे ते सहसा नसते. अभियांत्रिकीला किंवा वैद्यकीयला गेलेल्या भावंडाने ते बारावीनंतरच काढलेले असते, बी.ए., एम.ए. करणाऱ्याला मात्र ते कोणी कधी मागितलेलेच नसते. त्यातही अडचण अशी, की शैक्षणिक कारणासाठीच्या वैधता अर्जाला सध्या शिकत असलेल्या संस्थेचे पत्र लागते आणि एम.ए. संपलेला विद्यार्थी कोणत्याच संस्थेच्या पटावर नसतो. म्हणून एम.ए.च्या दुसऱ्या वर्षात असतानाच महाविद्यालयामार्फत हा अर्ज करावा. अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ या तारखांपूर्वीचा वास्तव्याचा व जातीचा पुरावा समिती पाहते. आजोबा शाळेत गेलेच नसतील, तर शाळेचे दाखल-खारीज रजिस्टर कामी येत नाही. अशा वेळी कोतवाल बुकातील जन्म-मृत्यूची नोंद किंवा जुना हक्कनोंदणीचा उतारा तहसीलच्या अभिलेख कक्षातून काढावा लागतो. त्या कक्षात 'पाने जीर्ण झाली आहेत' हे उत्तर मिळाले, तर तेही लेखी मागून घ्यावे. सिरोंच्याहून गडचिरोलीला सुमारे दोनशे किलोमीटर येणाऱ्या माणसाला 'उद्या या' असे तोंडी सांगून परत पाठवणे यात कोणाला काही वावगे वाटत नाही, हे खेदाने म्हणावे लागते.

नॉन-क्रीमी लेयर प्रमाणपत्राची मुदत त्यावर लिहिलेल्या वर्षाच्या ३१ मार्चला संपते, आणि आर्थिक दुर्बल घटकाचे प्रमाणपत्र त्या आर्थिक वर्षापुरतेच चालते. मार्चमध्ये अर्ज आणि जूनमध्ये कागदपत्रांची तपासणी असा क्रम आला, की अर्जाच्या दिवशी वैध असलेले प्रमाणपत्र तपासणीच्या दिवशी कालबाह्य झालेले असते. यावर उपाय एकच : एप्रिल उजाडताच सेतू केंद्रातून नवे प्रमाणपत्र काढावे. नेटच्या अर्जाला केंद्राच्या नमुन्यातील ओबीसी प्रमाणपत्र लागते, राज्याच्या नमुन्यातील चालत नाही, हेही तेव्हाच लक्षात ठेवून दोन्ही नमुने मागून घ्यावेत.

विद्यापीठ बदलल्यास स्थलांतर प्रमाणपत्र लागते. वणीच्या विद्यार्थ्याला चंद्रपूर जवळचे, पण वणी यवतमाळ जिल्ह्यात असल्याने त्याची पदवी अमरावतीची असते. चंद्रपूर-गडचिरोलीच्या जुन्या विद्यार्थ्यांचा घोळ आणखी वेगळा आहे. गोंडवाना विद्यापीठ २०११ मध्ये नागपूर विद्यापीठातून वेगळे झाले, त्यामुळे त्याआधी एम.ए. झालेल्याची पदवी नागपूरची आहे, मग त्याचे महाविद्यालय आज गोंडवानात का असेना; त्याला स्थलांतर प्रमाणपत्र नागपूरहूनच आणावे लागते. लग्न झालेल्या उमेदवारांनी अर्जात एम.ए.च्या गुणपत्रिकेवरचेच नाव लिहावे, आणि आधारवर सासरचे नाव असल्यास विवाह नोंदणी प्रमाणपत्र किंवा राजपत्रातील नोंद जोडावी. नोकरी करणाऱ्याला नियोक्त्याचे ना हरकत प्रमाणपत्र लागते. ते देण्यात संस्थाचालक महिनोन्‌महिने घालवतात, म्हणून त्याची मागणी सर्वांत आधी करावी.

मार्गदर्शक मिळवणे हा खरा दुसरा प्रवेशच आहे. एका वेळी प्राध्यापकाकडे आठ, सहयोगी प्राध्यापकाकडे सहा आणि सहायक प्राध्यापकाकडे चार संशोधक असू शकतात, त्याहून अधिक नाहीत. निवृत्तीला तीन वर्षांपेक्षा कमी काळ उरलेल्यांना नवा विद्यार्थी घेता येत नाही. ज्या सरांनी आपल्याला एम.ए.ला शिकवले आणि 'ये, बघू' असे म्हटले, त्यांची निवृत्तीची तारीख विचारायला विद्यार्थी संकोचतो. विचारावी, त्यात अनादर काही नाही. संमती तोंडी न ठेवता सहीशिक्क्यासह घ्यावी.

संशोधन आराखडा संशोधन व मान्यता समितीपुढे, म्हणजे ज्याला सगळे आरआरसी म्हणतात तिथे, बहुधा शीर्षकावरच अडतो. 'विदर्भातील पंचायत राज व्यवस्था : एक अभ्यास' हे शीर्षक अकरा जिल्ह्यांना मिठी मारते आणि हाती काहीच लागत नाही. त्याऐवजी पेसा, म्हणजे आदिवासी क्षेत्रांतील ग्रामसभांना अधिकार देणाऱ्या कायद्याखालील एखाद्या तालुक्यातील ग्रामसभांचे निर्णय, किंवा २००६ च्या वनहक्क कायद्यानंतर सामूहिक हक्क मिळालेल्या गावांतील नेतृत्व, असा विषय घ्यावा. कालखंड आणि क्षेत्र शीर्षकातच यावेत, आणि त्या गावांचे इतिवृत्त व निवडणुकीची माहिती आपल्याला मिळू शकते का, हे आराखडा सादर करण्यापूर्वी एकदा प्रत्यक्ष जाऊन पाहावे.

प्रवेशानंतर किमान १२ श्रेयांकांचे (क्रेडिटचे) पूर्वअभ्यासक्रम (कोर्सवर्क) आणि त्यात किमान ५५ टक्के गुण आवश्यक आहेत. पुढे दर सत्रात संशोधन सल्लागार समितीसमोर प्रगती मांडावी लागते. किमान कालावधी तीन वर्षे, कमाल सहा. पुनर्नोंदणीने आणखी दोन मिळतात, आणि महिलांना तसेच ४० टक्क्यांहून अधिक अपंगत्व असणाऱ्यांना त्यापुढेही दोन, पण एकूण दहाच्या वर नाहीत. ही सहा वर्षे प्रवेशाच्या तारखेपासून मोजतात, पूर्वअभ्यासक्रम संपल्यापासून नव्हे. या एका गैरसमजापोटी प्रबंध तयार असूनही नोंदणी संपलेली माणसे पाहिली आहेत. महिला संशोधकांना संपूर्ण काळात २४० दिवसांपर्यंत प्रसूती व बालसंगोपन रजा मिळू शकते, पण ती आपण मागितली तरच.

प्रबंध मराठीत लिहिणाऱ्यांनी तो पहिल्या पानापासून युनिकोडमध्येच टंकलिखित करावा. जुन्या फाँटमधील मजकूर संगणकाला मराठी म्हणून कळतच नाही, त्यामुळे वाङ्मयचौर्य तपासणीला तो पाठवता येत नाही, आणि शेवटच्या आठवड्यात रूपांतर करताना जोडाक्षरे फुटतात. आयोगाच्या वाङ्मयचौर्यविषयक २०१८ च्या विनियमांनुसार १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही. १० ते ४० टक्के असल्यास सहा महिन्यांच्या आत सुधारित प्रबंध द्यावा लागतो, ४० ते ६० टक्क्यांना एक वर्षाची बंदी आणि त्यावर गेल्यास नोंदणीच रद्द होते. प्रबंधापूर्वी संशोधन लेख छापून यावा, ही अट आयोगाने २०२२ मध्ये काढून टाकली आहे. तरीही पैसे घेऊन लेख छापणाऱ्यांची जाहिरातबाजी चालू आहे, तिला बळी पडू नये.

ज्यांना पीएच.डी. प्राध्यापकीसाठीच हवी आहे, त्यांनी हेही पाहावे की १ जुलै २०२३ पासून सहायक प्राध्यापकपदासाठी किमान अर्हता नेट किंवा राज्यस्तरीय पात्रता परीक्षा (सेट किंवा स्लेट) हीच आहे. प्रबंध चालू असताना सेटचा अभ्यास सोडू नये. आणि मौखिक परीक्षा झाल्यावर, पदवी २०२२ च्या विनियमांनुसार दिल्याचे तात्पुरते प्रमाणपत्र विद्यापीठाकडून तेव्हाच मागून घ्यावे. नियुक्तीच्या वेळी ते मागितले जाते, आणि तोवर परीक्षा विभागातील संबंधित लिपिकाची बदली झालेली असते.