बीएसटीतला मोड: हॅश मॅपने मोजणं वेगळं, इनऑर्डरने मोजणं वेगळं

बायनरी सर्च ट्री (बीएसटी) म्हणजे असा ट्री, जिथे प्रत्येक नोडच्या डावीकडे त्याच्याइतक्या किंवा लहान किमती असतात, उजवीकडे त्याच्याइतक्या किंवा मोठ्या. त्यातली सर्वाधिक वेळा आलेली किंमत, म्हणजे मोड, शोधायला बरेच जण ट्री इनऑर्डरने (आधी डावी बाजू, मग नोड, मग उजवी) फिरतात आणि वाटेत प्रत्येक किंमत हॅश मॅपमध्ये, म्हणजे किंमत आणि तिची मोजणी जोडीने ठेवणाऱ्या तक्त्यात, मोजतात. उत्तर बरोबर येतं, पण इनऑर्डरचा यात काडीचाही उपयोग झालेला नसतो. मॅपच वापरायचा तर प्रीऑर्डर (आधी नोड, मग दोन्ही बाजू) चालेल, लेव्हलऑर्डर (एकेक पातळी) चालेल. ट्री क्रमवार नसला तरी चालेल. फक्त जितक्या वेगवेगळ्या किमती, तितक्या नोंदींची जागा जाते.

इनऑर्डरमध्ये किमती चढत्या क्रमाने येतात, म्हणून सारख्या किमती लागोपाठ येतात. मग मॅप कशाला? मागची किंमत, चालू मोजणी, कमाल मोजणी आणि उत्तरांची यादी एवढं पुरतं.

लागोपाठ म्हणजे ट्रीमध्ये शेजारी नव्हे. रूट, म्हणजे सगळ्यात वरचा नोड, 5, त्याच्या डावीकडे 2, 2 च्या उजवीकडे 4, 4 च्या उजवीकडे पुन्हा 5. पेरेंटशी, म्हणजे थेट वरच्या नोडशी, तुलना करत बसलात तर एकही जोडी सापडणार नाही. इनऑर्डर मात्र 2, 4, 5, 5 देतो.

किंमत मागच्याइतकीच असेल तर मोजणी 1 ने वाढवा, नाहीतर ती 1 करा. मोजणी कमाल मोजणीच्या पुढे गेली की यादी आधी रिकामी करा, मग किंमत टाका. बरोबरीत असेल तर नुसती जोडा. यादी रिकामी करायची राहिली तर वरच्या ट्रीचं उत्तर 2, 4, 5, 5 असं येतं. आणि किंमत बदलल्यावरच कमाल तपासली तर शेवटचा गट सुटतो, उत्तर येतं 2 आणि 4!

जागा इथेही लागते, रिकर्शनच्या (फंक्शनने स्वतःलाच बोलावण्याच्या) स्टॅकला, ट्रीच्या उंचीइतकी, म्हणजे जितक्या पातळ्या तितकी. पूर्ण संतुलित 1,00,000 नोडना उंची 17; एकाच बाजूला लोंबणाऱ्या 10,000 नोडना मात्र 10,000. पायथनची मूळ रिकर्शन मर्यादा 1000 आहे, तिथे प्रोग्राम कोसळतो. अशा वेळी स्वतःचा स्टॅक ठेवा.

स्टॅकही नको असेल तर मॉरिसची 1979 ची पद्धत आहे: इनऑर्डरमधल्या आधीच्या नोडच्या रिकाम्या उजव्या पॉइंटरला (पुढच्या नोडकडे नेणाऱ्या दुव्याला) चालू नोडकडे जाणारा तात्पुरता धागा बांधायचा, परत आल्यावर सोडायचा. डावीकडे काहीच नसेल तर नोड लगेच मोजायचा, नाहीतर धागा सोडतानाच. धागा ओळखताना मात्र नोडच ताडून पाहा, किंमत नव्हे. किंमत पाहिलीत तर वरच्या ट्रीत 4 च्या उजवीकडचा 5 हाच धागा समजून कोड तो खरा नोड तोडून टाकतो, आणि 2 व 4 मोजलेच जात नाहीत.