पेन ड्राइव्हच्या पोटातली १९८६ ची भाषा

पेन ड्राइव्ह लावला की दोन-तीन सेकंदांत स्क्रीनवर त्याचं आयकॉन येतं. तेवढ्या वेळात आत काय होतं ते कधी बघायचं असेल तर वायरशार्क नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, यूएसबीवरून जाणारा एकेक बाइट ते दाखवतं. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा कामधाम सोडून अर्धा तास तेच बघत बसलो, कारण तिथे चक्क संवाद चाललेला असतो. कॉम्प्युटर विचारतो, तू कोण? ड्राइव्ह सांगतो, मी डिस्क, काढता-घालता येणारी, माझी कंपनी अमुक, मॉडेल तमुक. तयार आहेस का? किती ब्लॉक, म्हणजे साठवणीचे सारख्या आकाराचे तुकडे, आहेत तुझ्याकडे आणि एकेक केवढा? मग, बरं, शून्य नंबरचा ब्लॉक दे. बस, एवढंच. फाइल, फोल्डर, फोटो हे शब्द या बोलण्यात कुठेच येत नाहीत.

आणि गंमत अशी की हे प्रश्न पेन ड्राइव्हसाठी कोणी बनवलेच नव्हते. ते आहेत स्कझी (SCSI) या जुन्या स्टँडर्डचे, कॉम्प्युटरने डिस्कसारख्या उपकरणांशी कसं बोलायचं हे ते ठरवतं. शुगार्ट असोसिएट्स या डिस्क बनवणाऱ्या कंपनीने सासी नावाची एक पद्धत काढली, ती १९८१ मध्ये जगासमोर आली, तिच्यावरूनच पुढे स्कझी झालं आणि १९८६ मध्ये अमेरिकेच्या स्टँडर्ड संस्थेने त्याला मान्यता दिली. त्या वेळची जाडजूड केबल आता कुठे दिसत नाही, पण तिच्यावरून जाणारी भाषा टिकली. यूएसबीवर काय होतं, तर ३१ बाइटचं एक पाकीट जातं, त्याच्या आत स्कझीचा हुकूम असतो, मग डेटा जातो-येतो आणि शेवटी १३ बाइटची पोचपावती येते, की झालं काम किंवा नाही झालं. लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टिम वापरणाऱ्यांनी डिस्कचं नाव एसडीए असं बघितलं असेल, त्यातलं एसडी म्हणजे स्कझी डिस्कच, आणि साध्या साटा (SATA, पीसीत डिस्क जोडायची नेहमीची पद्धत) डिस्कलाही तेच नाव मिळतं कारण लिनक्स तिच्याशी आधी स्कझीत बोलतो आणि मधला एक थर त्याचं भाषांतर करून देतो.

आता ही भाषा एवढी का टिकली? माझ्या मते त्याचं मुख्य कारण एकच, तिने डिस्कला नंबरांची यादी मानलं. हे आज साधं वाटतं पण तेव्हा तसं नव्हतं. १९५६ साली आयबीएमचं रॅमॅक हे हार्ड डिस्कवालं कॉम्प्युटर आलं, त्यात २४ इंची ५० तबकड्या आणि साठवण जेमतेम ५० लाख अक्षरांची. तेव्हापासून डिस्कवरची जागा सांगायची म्हणजे कुठली तबकडी, कुठलं वर्तुळ, वर्तुळातला कितवा तुकडा असं सांगावं लागायचं. पुढे पीसीतही हेच, सिलिंडर म्हणजे वर्तुळ, हेड म्हणजे तबकडीची बाजू आणि सेक्टर म्हणजे तुकडा. म्हणजे सॉफ्टवेअरला डिस्कच्या पोटातला भूगोल पाठ असायला हवा. आणि पोट बदललं की सगळं कोसळायचं, कारण या तीन आकड्यांसाठी बिट ठरलेले, बायॉसची (पीसी सुरू करणाऱ्या मूळ सॉफ्टवेअरची) मर्यादा आणि डिस्कच्या इंटरफेसची मर्यादा एकत्र केली की १०२४ सिलिंडर, १६ हेड, ६३ सेक्टर, ५१२ बाइटचा एकेक, गुणून बघा, ५२८ एमबीच्या पुढे जाताच येईना. त्यात डिस्क बनवणारे बाहेरच्या मोठ्या वर्तुळावर जास्त सेक्टर बसवायला लागले, मग ते आकडे तसेही खोटेच उरले, डिस्क वरवर हो म्हणायची आणि आत स्वतःचा हिशोब करायची.

स्कझीने हा प्रश्नच ठेवला नाही. डिस्क म्हणते, ब्लॉक नंबर सांग, तो कुठे आहे ते मी बघते. नंबर ५०००, मग तो तबकडीवर असो, सीडीच्या सर्पिल रेघेवर असो नाहीतर फ्लॅश चिपमध्ये. हार्ड डिस्कचा ब्लॉक ५१२ किंवा ४०९६ बाइटचा, डेटा सीडीचा २०४८ चा, पण सॉफ्टवेअरला ते गृहीत धरायची गरजच नाही, रीड कपॅसिटी हा हुकूम दिला की शेवटच्या ब्लॉकचा नंबर आणि एका ब्लॉकचा आकार दोन्ही कळतं.

टेप मात्र या यादीत नीट बसत नाही, ती पुढे-मागे गुंडाळावी लागते, म्हणून "तू कोण" या प्रश्नाच्या उत्तरात एक आकडा येतो, ० म्हणजे डिस्क, १ म्हणजे टेप, ५ म्हणजे सीडी-डीव्हीडी, आणि ८ म्हणजे टेपा उचलून ड्राइव्हमध्ये घालणारा यंत्रहात. हो, त्याच्यासाठीही हुकूम आहे, या कप्प्यातली टेप त्या कप्प्यात ठेव. ओळख विचारायची आणि चूक कळवायची पद्धत सगळ्यांची एक, बाकी ज्याचं काम त्याचे जादा शब्द. हे मला फार आवडतं, सगळ्यांना एकाच साच्यात कोंबलेलं नाही.

चूक कळवण्याची पद्धत तर खासच. नुसतं "एरर" नाही, आत सीडी किंवा टेपच नाही, लिहायला बंदी आहे, ब्लॉक वाचता येत नाही, प्रत्येकाला वेगळा कोड. आणि एक इशारा असा आहे की गेल्या वेळी बोललो त्यानंतर माझ्याकडे काहीतरी बदललंय, लक्ष द्या. तुम्ही सीडी बदलली की हाच इशारा येतो, नाहीतर कॉम्प्युटर जुन्या सीडीची यादी धरून नव्या सीडीतून वाचत बसला असता.

याच्या वरचा मजला ऑपरेटिंग सिस्टिमचा. तिथे ओपन, रीड, राइट, क्लोज एवढे मोजके शब्द, आणि १९८५ च्या सुमारास सन मायक्रोसिस्टिम्सने त्यांच्या खाली एक सामाईक थर घातला, जेणेकरून फाइल जवळच्या डिस्कवर आहे की नेटवर्कवरच्या दुसऱ्या मशीनवर, हे प्रोग्रामला कळायचीच गरज राहिली नाही. याच मजल्यावर मी एकदा आपटलोय. कॉपी झाली असं स्क्रीनवर दिसलं, मी लगेच पेन ड्राइव्ह उपटला, घरी येऊन बघतो तर फाइल अर्धीच. सिस्टिमने डेटा मेमरीत घेऊन ठेवलेला, ड्राइव्हवर पूर्ण उतरलाच नव्हता. इजेक्ट केलं की हाच राहिलेला माल खाली उतरवला जातो, आणि जिथे ड्राइव्हलाही स्वतःचा कॅश (तात्पुरती मेमरी) असतो तिथे तोसुद्धा रिकामा करायचा वेगळा हुकूम आहे. तेव्हापासून मी थांबतो.

एसएसडी, म्हणजे तबकडीऐवजी फ्लॅश चिपवर साठवणारी डिस्क, आल्यावर मात्र या नंबरांच्या यादीची किंमत मोजावी लागली. फ्लॅशमध्ये लिहिलेल्या जागेवर सरळ परत लिहिता येत नाही, आधी पुसावं लागतं, आणि पुसायचा तुकडा लिहायच्या तुकड्यापेक्षा कितीतरी मोठा. म्हणून एसएसडीतला कंट्रोलर एक तक्ता ठेवतो, ५००० नंबर मागितला तर तो आत्ता खरा कुठे आहे. तुम्ही फाइल डिलीट केली तर फाइल सिस्टिम (कुठली फाइल कुठल्या ब्लॉकमध्ये याचा हिशोब ठेवणारी) फक्त स्वतःच्या वहीत खोडते, ड्राइव्हला पत्ताच नाही, तो बिचारा तो मेलेला डेटा जपून इकडून तिकडे हलवत बसतो, वेगही जातो आणि चिपचं आयुष्यही. म्हणून भाषेत नवा शब्द घालावा लागला, साटामध्ये ट्रिम, स्कझीत अनमॅप, अर्थ एकच, हे ब्लॉक आता नकोत मला.

आणि शेवटी वेगासाठी २०११ मध्ये एनव्हीएमई ही नवीनच भाषा आली. साटाच्या एएचसीआय पद्धतीत एक रांग आणि तिच्यात ३२ हुकूम, एनव्हीएमईत ६५ हजारांवर रांगा आणि प्रत्येकीत ६५ हजारांवर हुकूम बसू शकतात, कारण फ्लॅशला एका वेळी खूप ठिकाणी वाचता येतं. ब्लॉकचे नंबर तिनेही ठेवले. आणि हाच एनव्हीएमई ड्राइव्ह तुम्ही यूएसबीच्या केसमध्ये घालून लावला, तर कॉम्प्युटर परत स्कझीतच विचारतो, तू कोण, आणि केसमधली छोटी चिप त्याचं भाषांतर करून आतल्या ड्राइव्हला सांगते.