दुधावरची साय आणि चंद्रावरचं भुयार

जुलै २०२४ मध्ये चंद्रावर गुहा सापडल्याची बातमी आली आणि दोन दिवसांत ती माझ्या फोनवर सात-आठ वेळा येऊन पडली. दर खेपेला मथळा आधीपेक्षा फुगलेला. एकाने तर चंद्रावर माणसांच्या राहण्याची सोय झाल्याचंच जाहीर करून टाकलं होतं.

मूळ शोध याहून लहान आहे आणि मला तो याहून सुंदर वाटतो. अपोलो ११ चंद्रावरच्या शांतिसागर नावाच्या ज्या मैदानात उतरलं, त्याच मैदानात सुमारे १०० मीटर रुंदीचा एक खोल खड्डा आहे. चंद्राभोवती फिरणाऱ्या नासाच्या एलआरओ यानाने २०१० साली त्यावर तिरक्या रडारलहरी सोडल्या होत्या. इटलीतल्या ट्रेंटो विद्यापीठाच्या लिओनार्दो कारेर आणि लोरेंझो ब्रुझोने यांच्या गटाने त्या जुन्या नोंदी पुन्हा तपासल्या. खड्ड्याच्या तळाशी, जमिनीखाली १३० ते १७० मीटरवर, एका बाजूला पोकळी आहे, असं त्या प्रतिध्वनींतून दिसलं. रुंदी अंदाजे ४५ मीटर, लांबी ३० ते ८० मीटर. त्याच्या पुढे रडारची नजर पोचत नाही.

ही पोकळी बहुधा लाव्हा नळीचा तुकडा आहे. आता प्रश्न असा, की वितळलेला दगड स्वतःसाठी नळी कशी काय बांधतो?

तापवलेलं दूध गॅसवरून उतरवून ठेवा. पाच-दहा मिनिटांत वर साय धरते. पातेलं हळूच कललं तर सायीला सुरकुत्या पडतात, खालचं दूध मात्र हलतं राहतं. साय धरण्याचं रसायन अगदी वेगळं आहे, पण चित्र हेच. हवाई बेटांवरचा बेसाल्टचा, म्हणजे थंड झाल्यावर काळा दगड होणारा, लाव्हा साधारण ११५० अंश सेल्सिअसला बाहेर पडतो. हवा लागली की काही सेकंदांत त्याच्यावर काळपट कातडी येते. खालचा रस पुढे सरकत असतो, म्हणून ती कातडी ओढली जाते, दुमडते आणि दोरखंडाच्या वेटोळ्यांसारख्या वळ्या तयार होतात. हवाईच्या भाषेत अशा लाव्हाला पाहोएहोए म्हणतात.

खरी गंमत इथून पुढे आहे. दगड हा उष्णतेचा फार वाईट वाहक. कवच जितकं जाड, तितकी आतली उष्णता बाहेर पडायला वेळ जास्त, म्हणून कवच वाढण्याचा वेगही मंदावत जातो. जाडी वेळेच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते. हवाईतल्याच किलाउएआ ज्वालामुखीवर शास्त्रज्ञांनी ती प्रत्यक्ष मोजली आहे: तासाभरात सुमारे ८ सेंटिमीटर, चार तासांत १६. एक मीटर व्हायला आठवडा लागतो आणि दोन मीटर व्हायला चार आठवडे. म्हणजे जाडी दुप्पट हवी तर वेळ चौपट. दरम्यान खालचा लाव्हा वाहतोच आहे. या पांघरुणाखाली तो किलोमीटरमागे जेमतेम एक अंश किंवा त्याहूनही कमी थंड होतो. उघड्यावर काही किलोमीटरांत गोठला असता असा रस त्यामुळे दूरवर जातो. ऑस्ट्रेलियातल्या उंडारा इथे तो १६० किलोमीटर गेला.

मग उगम आटतो. उतार असेल तर उरलेला रस पुढे निघून जातो आणि छत तसंच राहतं. भिंतींवर पातळी उतरत गेल्याच्या आडव्या रेघा राहतात, पूर ओसरल्यावर नदीकाठच्या घरांवर राहतात तशा. हवाईतली काझुमुरा ही अशी नळी ६५ किलोमीटर लांब आहे.

आपला सह्याद्रीही याच बेसाल्टचा. घाटरस्त्यासाठी कापलेली दरड नीट पाहा. उशा रचाव्यात तसे फुगीर थर दिसतील, वरच्या भागात बुडबुड्यांची जाळी आणि पोटात घट्ट दगड. ही तीच साय, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीची. दौंडजवळच्या लाव्हाच्या अशा उंचसखल प्रवाहात नळ्यांचं जाळं असावं, असा शोधनिबंध २००४ साली प्रसिद्ध झाला, आणि त्याच्या शीर्षकातच ‘संभाव्य’ हा शब्द आहे. मथळे लिहिणाऱ्यांनी एवढा एक शब्द उचलला तरी पुरे. याउलट गावोगावी सांगतात, की अमक्या देवळातलं भुयार थेट काशीला निघतं, किंवा अमकी लेणी पांडवांनी एका रात्रीत कोरली. लेणी छिन्नी-हातोड्याने, पिढ्यान्‌पिढ्या खपून, माणसांनी कोरली आहेत. त्या पाथरवटांचं श्रेय असं काढून घेणं मला अन्यायाचं वाटतं.

चंद्रावर गुरुत्वाकर्षण सहापट कमी. सपाट छताला स्वतःच्या वजनाने जो ताण पडतो, तो रुंदीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. म्हणून तेवढ्याच जाडीचं छत तिथे सहाच्या वर्गमुळाइतकं, म्हणजे जवळपास अडीचपट रुंद टिकेल. छत कमानदार आणि जाड असेल तर एक किलोमीटरहून रुंद नळीही उभी राहू शकते, असं २०१७ मध्ये अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठाच्या गणिताने दाखवलं. जपानच्या कागुया यानाने २००९ मध्ये मारियस टेकड्यांत असाच एक खड्डा शोधला होता. आपल्या चांद्रयान-१ च्या कॅमेऱ्याने टिपलेल्या प्रतिमांतून अहमदाबादच्या इस्रो शास्त्रज्ञांनी २०११ मध्ये न कोसळलेल्या नळीचा सुमारे पावणेदोन किलोमीटरचा तुकडा ओळखला.

या नळ्यांकडे सगळ्यांचं लक्ष का, याचं उत्तर पुन्हा त्या सायीतच आहे. जे छत लाव्हाची उष्णता आत कोंडून ठेवत होतं, तेच आता बाहेरचं ऊन, थंडी आणि किरणोत्सर्ग अडवतं. चंद्राचा पृष्ठभाग भर दुपारी १२० अंशांपुढे तापतो आणि रात्री उणे १७० च्या आसपास उतरतो. शांतिसागरातल्या त्या खड्ड्याच्या सावलीतल्या भागाचं तापमान मात्र, २०२२ मध्ये केलेल्या गणितानुसार, १७ अंशांच्या आसपास राहतं.

पुण्यात जानेवारीतली पहाट याहून गार असते.