स्वीडिश खाद्यसंस्कृती

स्वीडिश खाद्यसंस्कृती : उत्तर युरोपातील स्वीडन या देशाची अन्नपरंपरा. या देशात उन्हाळा लहान आणि हिवाळा लांबलचक. चार महिन्यांत हाती आलेले धान्य, मासे आणि रानफळे वर्षभर पुरवायची, या एका गरजेतून इथला स्वयंपाक घडला. खारवणे, धुरावणे, वाळवणे, आंबवणे ही त्याची जुनी साधने. घरोघरी फ्रिज आल्यावर गरज संपली, पण जिभेला लागलेले वळण गेले नाही. म्हणूनच आजही स्टॉकहोममधल्या सणाच्या पंगतीत पहिला मान खारवलेल्या हेरिंग माशाला मिळतो.

साठवणुकीची ही रीत सर्वांत स्पष्ट दिसते ती भाकरीत. राय या धान्याच्या पिठाची ‘क्नेकेब्रोड’ ही कडक, पातळ, गोल भाकरी. तिच्या मधोमध भोक असते. वर्षातून एक-दोनदाच मोठी भट्टी लावायची, शेकडो भाकऱ्या भाजायच्या, काठीत ओवायच्या आणि ती काठी छताखाली आडवी टांगून द्यायची. कोरड्या, उबदार हवेत त्या महिनोन्महिने टिकत आणि उंदरांपासूनही वाचत. आता ही भाकरी कारखान्यात होते, तरी कित्येक गोल भाकऱ्यांना ते भोक अजून असतेच. उत्तरेकडे सातूच्या पिठाची ‘तुन्नब्रोड’ चालते. तिचा मऊ प्रकार आपल्या पोळीसारखा गुंडाळता येतो. आत कुस्करलेला बटाटा आणि सॉसेज घातलेली तिची गुंडाळी रस्त्यावरच्या टपऱ्यांत मिळते.

हेरिंगला स्वीडिश भाषेत दोन नावे आहेत. काल्मार शहराच्या उत्तरेला बाल्टिक समुद्रात सापडणारा लहान मासा तो ‘स्त्रोमिंग’, इतरत्र सापडणारा ‘सिल’. व्हिनेगर, साखर, कांदा आणि मसाल्यात मुरवलेला सिल नाताळ, ईस्टर आणि जूनमधल्या मिडसमर या तिन्ही सणांना लागतोच. मिडसमरला त्याच्या जोडीला शेपू घालून उकडलेले कोवळे बटाटे, आंबट साय आणि शेवटी स्ट्रॉबेरी.

‘सूरस्त्रोमिंग’ मात्र जगभर वासासाठी गाजला. वसंतात पकडलेला स्त्रोमिंग कमी मिठात आंबवतात. तेवढे मीठ सडणे रोखते, आंबणे रोखत नाही. डब्यात भरल्यावरही आंबणे चालूच राहते, म्हणून डबा फुगतो. तो घराबाहेर, पुष्कळदा पाण्याच्या बादलीत बुडवून उघडतात. मासा साफ करून, काटा काढून, लोणी लावलेल्या तुन्नब्रोडवर बटाट्याच्या चकत्या आणि बारीक चिरलेल्या कांद्याबरोबर ठेवायचा. डब्यातून थेट तोंडात घातलेला तुकडा कोणालाच आवडत नाही. नीट वाढून घेतला, तर वासाच्या मानाने चव बरीच सौम्य लागते. याचा हंगाम ऑगस्टच्या उत्तरार्धात असतो आणि माहेरघर ‘होगा कुस्तेन’ हा उत्तरेचा किनारा.

रोजच्या घरगुती जेवणाला ‘हुसमान्सकोस्ट’ म्हणतात. त्याचा आधार बटाटा, पण तो उशिरा आला. अठराव्या शतकात योनास आल्स्त्रोमर याने त्याच्या लागवडीचा प्रचार केला. बटाट्यापासून पीठ आणि मद्य करण्याची रीत एवा एकेब्लाद या उमराव स्त्रीने मांडली. या कामामुळे १७४८ मध्ये ती रॉयल स्वीडिश अकॅडमी ऑफ सायन्सेसची पहिली स्त्री सदस्य झाली. मांसाचे गोळे, सायीचा रस्सा, आंबटगोड लिंगॉन फळांचा मुरांबा आणि काकडीचे ताजे लोणचे हे ताट सगळ्यांना माहीत आहे. कोबीच्या पानात सारण भरलेल्या ‘कोलडोल्मार’चे नाव मात्र तुर्की ‘डोल्मा’वरून आले आहे. रशियाकडून झालेल्या पराभवानंतर स्वीडनचा राजा बारावा चार्ल्स कित्येक वर्षे ऑटोमन मुलुखात राहिला होता, त्या काळाशी या पदार्थाचा संबंध जोडतात.

गुरुवारी पिवळ्या वाटाण्याचे दाट सूप आणि नंतर धिरडी, हा शिरस्ता शुक्रवारच्या कॅथलिक उपासाआधी पोट भरून घेण्यातून आला असे मानतात. देश प्रोटेस्टंट झाला, तरी वार बदलला नाही. परंपरेनुसार पदच्युत राजा चौदावा एरिक १५७७ मध्ये अशाच सूपातून विष दिल्याने मेला. १९५८ मध्ये त्याच्या अवशेषांत आर्सेनिक आढळले.

शनिवारी मुलांना गोळ्या-चॉकलेटे देण्याच्या प्रथेमागे एक क्लेशदायक इतिहास आहे. १९४० च्या दशकात लुंड शहरातील विपेहोल्म संस्थेत मतिमंद ठरवलेल्या रुग्णांना दातांच्या किडीचा अभ्यास करण्यासाठी मुद्दाम चिकट टॉफ्या खाऊ घातल्या. त्यांची संमती कोणी विचारली नाही आणि पुष्कळांचे दात किडले. त्यातूनच गोड रोज थोडे खाण्यापेक्षा आठवड्यातून एकदाच खावे, हा सल्ला रूढ झाला. दुकानातल्या रंगीत डब्यांपुढे उभे असताना त्या रुग्णांची आठवण ठेवायला हवी.

‘फिका’ म्हणजे कॉफी, सोबत काही गोड आणि निवांत गप्पा. कार्यालयांतही तिला ठरावीक वेळ असतो. दालचिनीच्या पावाइतकाच वेलदोड्याचा पाव लोकप्रिय आहे. दाणे जाडसर कुटून पिठात आणि वरच्या साखरेत घालतात, त्यामुळे भर हिवाळ्यात बेकरीचे दार उघडताच श्रीखंड-शिऱ्याचा ओळखीचा वास येतो. लेंट उपासाच्या आधी खायचा ‘सेम्ला’ हा बदामाचे सारण आणि साय भरलेला पावही वेलदोड्याचाच.

आजच्या स्वीडनमध्ये केबाब घातलेला पिझ्झा, माल्मोचे फलाफेल आणि शुक्रवारी संध्याकाळचे घरगुती टाको हेही रोजचे अन्न आहे. स्थलांतरितांनी आणि बाजाराने आणलेल्या या पदार्थांना परके म्हणणे आता बरोबर नाही. दुसरीकडे उत्तर युरोपातल्या आचाऱ्यांनी स्थानिक, हंगामी अन्नासाठी काढलेल्या २००४ च्या नॉर्डिक जाहीरनाम्यानंतर मोठ्या उपाहारगृहांनी आंबवणे, धुरावणे आणि रानभाज्या यांना पुन्हा प्रतिष्ठा दिली. मांस न खाणाऱ्यांची आता फारशी अडचण होत नाही. शहरांत शाकाहारी पर्याय सर्रास असतो आणि ओटच्या दुधाचा पेय म्हणून विकास लुंडमधल्याच संशोधनातून झाला.

खर्च जपणाऱ्या पर्यटकाने मुख्य जेवण दुपारी घ्यावे. ‘दागेन्स लुंच’ या ठरावीक थाळीत बहुधा सॅलड, पाव आणि कॉफी धरलेली असते. रात्रीच्या मानाने ती बरीच स्वस्त पडते. ‘आलेमान्सरेट्टेन’ या सार्वत्रिक हक्कामुळे रानातली ब्लूबेरी, लिंगॉन आणि अळंबी कोणालाही वेचता येतात, मात्र घरांच्या अंगणात शिरता येत नाही. पिवळीधमक कांतारेल अळंबी लोण्यात परतून टोस्टवर घेतात. तिची पारख नसेल, तर जाणत्या माणसाला दाखवल्याशिवाय एकही अळंबी कढईत टाकू नये.