कान लावून बसलेला डकोटा

व्हिएतनाम युद्धात ईसी-47 विमानातून उडालेले अमेरिकी जवान आज म्हातारे झालेत. त्यांच्या आठवणी वाचायला घेतल्या की सगळ्यांत आधी येतो तो आवाज. दोन पिस्टन इंजिनांची अखंड घरघर, आणि त्या घरघरीच्या तळाशी, हेडफोनमध्ये, मुंगीच्या पावलांनी चालणारी मोर्सची, म्हणजे तारेच्या टिंब-रेघांच्या भाषेची, टिकटिक. सात-सात तास हे ऐकायचं. धावपट्टीवर उभं असताना विमान पत्र्याच्या भट्टीसारखं तापलेलं, आणि नऊ-दहा हजार फुटांवर गेलं की तेच घामेजलेले कपडे अंगावर गार पडायचे.

ईसी-47 म्हणजे आपल्या ओळखीचा डकोटाच. 27 ऑक्टोबर 1947 रोजी शीख रेजिमेंटच्या जवानांना घेऊन श्रीनगरला उतरला, तोच. त्याचं मूळ प्रवासी रूप, डीसी-3, पहिल्यांदा उडालं 17 डिसेंबर 1935 रोजी. 1966 मध्ये अमेरिकी हवाई दलाने या डकोटांच्या पोटात रेडिओ यंत्रणा भरून त्यांना व्हिएतनामला धाडलं, तेव्हा दुसऱ्या महायुद्धातली ही विमानं विशी ओलांडून गेली होती. मागच्या भागात हेडफोन लावून बसणारी पोरं पुष्कळदा विमानापेक्षा वयाने लहान असायची. विमानाला ती लाडाने ‘इलेक्ट्रिक गून’ म्हणत. अंगावर एकही तोफ नाही, बॉम्ब नाही. काम एकच: खाली जंगलात शत्रूचा रेडिओ कुठे बोलतोय ते शोधायचं.

यासाठी विमान का लागलं, याची गोष्ट रक्ताने लिहिलेली आहे. सुरुवातीला हा शोध जमिनीवरून चालायचा. पण जंगलात लघुलहरींचा रेडिओ अवघड चीज आहे. जमिनीलगत जाणारी लहर झाडी आणि ओली माती काही किलोमीटरांतच गिळून टाकते. जी लहर लांबवर पोचते, ती आधी आकाशात चढून आयनांबरावरून, म्हणजे वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरावरून, परत येते, म्हणजे जवळपास डोक्यावरून पडते. डोक्यावरून आलेल्या आवाजाची दिशा काय सांगणार? मग पर्याय उरतो तो प्रक्षेपकाच्या अगदी जवळ जाण्याचा. 22 डिसेंबर 1961 रोजी अशाच कामावर निघालेली एक तुकडी सायगावच्या पश्चिमेला दबा धरून बसलेल्या गनिमांच्या तावडीत सापडली. जेम्स डेव्हिस हा अमेरिकी जवान आणि त्याचे दक्षिण व्हिएतनामी सहकारी मारले गेले. सायगावच्या तान सन न्हुत विमानतळावरच्या त्यांच्या तळाला पुढे डेव्हिसचं नाव दिलं गेलं. त्यानंतर अँटेना आकाशात न्यायचं काम झपाट्याने पुढे सरकलं.

दिशा शोधण्याचं मूळ तत्त्व घरी करून पाहता येतं. जुना ट्रान्झिस्टर असेल तर मध्यम लहरींवर आकाशवाणीचं केंद्र लावा आणि संच उभाच ठेवून हळूहळू गोल फिरवा. एका ठिकाणी आवाज एकदम खाली बसतो. आतल्या अँटेनाचं, म्हणजे फेराइटच्या कांडीचं, टोक त्या क्षणी केंद्राच्या दिशेला असतं. आवाज सर्वांत मोठा कुठे आहे हे कानाला नीट कळत नाही, कारण शिखराजवळ चढउतार फार मंद असतो. तो कुठे मरतो, हे मात्र पटकन कळतं. अमेरिकी लष्कराची पहिली छोटी विमानं नेमकं हेच करायची. पायलट विमानाचं नाक डावी-उजवीकडे वळवायचा, आणि मोर्स कुठे बुडतो याकडे कान ठेवायचा.

डकोटात मात्र मोठी अडचण होती ती खुद्द डकोटाचीच. 4 मेगाहर्ट्झच्या लहरीची लांबी 75 मीटर. डकोटाच्या पंखांचा पसारा 29 मीटर. इतक्या मोजमापाचा धातूचा सांगाडा लहरीच्या वाटेत आला की तो स्वतःच अँटेना होतो, लहर झेलतो, परत फेकतो आणि दिशा बिघडवतो. शिवाय इंजिनं! प्रत्येकात चौदा सिलिंडर, प्रत्येक सिलिंडरला दोन स्पार्क प्लग. म्हणजे छप्पन ठिणग्या एकसारख्या उडताहेत, आणि प्रत्येक ठिणगी म्हणजे एक चिमुकलं रेडिओ केंद्र. प्लगांच्या तारांना धातूचं वेष्टन घालून तो कोलाहल दाबल्याशिवाय खालचा दुबळा संदेश कानावर येणं शक्य नव्हतं.

ईसी-47 मध्ये विमानाचं नाक वळवावं लागत नसे. एकमेकांपासून ठरावीक अंतरावर बसवलेल्या अँटेनांवर तीच लहर किंचित मागेपुढे पोचते. तो फरक मोजून दिशा काढायची. त्या दिशेने नकाशावर एक रेघ. एका रेघेने काही ठरत नाही. विमान पुढे सरकतं, दुसरी रेघ, मग तिसरी. रेघा जिथे एकमेकींना कापतात तिथे प्रक्षेपक. ताशी 240 किलोमीटर वेगाने मिनिटाला चार किलोमीटर अंतर पडतं. खालचा ऑपरेटर तीन मिनिटं बोलला तरी बारा किलोमीटरांच्या पट्ट्यातून, वेगवेगळ्या कोनांतून, त्याच्याकडे बघता येतं. बोलणं लवकर आटोपलं, तर हातात नुसती एकच रेघ उरे.

मला यात सर्वांत विलक्षण वाटतो तो नेव्हिगेटर. दिशेत एका अंशाची चूक झाली तर 20 किलोमीटरांवर ती साडेतीनशे मीटर होते. पण दिशा अचूक असूनही आपण स्वतः कुठे आहोत हेच चुकलं, तर पुढचं सगळं फुकट. तेव्हा जीपीएस नव्हतं. डॉपलर रडार वेग मोजून ठिकाण सांगायचं, पण त्यातली बारीक चूक तासागणिक साठत जायची. म्हणून नेव्हिगेटर खाली रोखलेल्या दुर्बिणीसारख्या यंत्राला डोळा लावून एखादं नदीचं वळण किंवा पूल बरोबर मध्यावर आला की हिशेब दुरुस्त करायचा. तोही पुन्हा पुन्हा, उड्डाण संपेपर्यंत.

आणि खालचा माणूस? त्याचा चेहरा कोणी पाहिला नव्हता, पण हात ओळखीचा होता. मोर्सची कळ दाबण्याची प्रत्येकाची ढब वेगळी. कोणी रेघ लांबवतो, कोणी दोन टिंबांत जास्त थांबतो. आपल्याकडे तारघरात आयुष्य काढलेल्यांना हे सांगायला नको. सांकेतिक नाव बदललं, लहर बदलली, तरी हात बदलत नसे. हेडफोनमधल्या पोरांना तो कालचाच गडी असल्याचं कळायचं. मग त्याच गड्याचं ठिकाण सांकेतिक भाषेत पुढे कळवलं जाई, आणि त्या आकड्यांवर कधी तोफांचा मारा, कधी बी-52 या बॉम्बफेकी विमानांचे बॉम्ब पडत. अर्थात बऱ्याच ठिकाणी तो गडी आपली अँटेना तळापासून लांब नेऊन ठेवायचा, कारण वर कोण घिरट्या घालतंय हे त्यालाही ठाऊक होतं.

हे सगळं गुप्त. विमानाच्या पुढच्या भागात वैमानिक, मागच्या भागात ऑपरेटर. आणि मागे नेमकं काय ऐकलं जातंय, हे पुढच्यांना पुष्कळदा सांगितलेलं नसे. एकाच पत्र्याच्या डब्यात तासन् तास बसायचं, एकाच गोळीने मरायची तयारी ठेवायची, आणि कामाविषयी अवाक्षर काढायचं नाही. घरी परतल्यावरही वर्षानुवर्षं तेच. या लोकांनी उतारवयात भरभरून लिहिलं, त्यामागे हे साठलेलं मौन आहे असं मला वाटतं.

युद्ध थांबवणाऱ्या पॅरिस करारावर 27 जानेवारी 1973 रोजी सह्या झाल्या. त्यानंतर नवव्या दिवशी, 5 फेब्रुवारीच्या पहाटेआधी, ‘बॅरन 52’ हे सांकेतिक नाव घेऊन थायलंडहून निघालेला एक ईसी-47 लाओसमध्ये हो चि मिन्ह मार्गावर, म्हणजे उत्तर व्हिएतनामच्या रसदीच्या वाटेवर, रणगाडे शोधत असताना पाडला गेला. आत आठ जण होते. काही दिवसांनी जंगलात विमानाचा उलटा पडलेला, जळालेला सांगाडा सापडला, आणि आठही जण मृत असल्याचं जाहीर झालं. मागे बसलेले ऑपरेटर उडी मारून वाचले असतील का, हा प्रश्न मात्र काही कुटुंबांनी अनेक वर्षं धरून ठेवला. त्या आशेचा आधार होता उत्तर व्हिएतनामींचा एक रेडिओ संदेश. चौघे कैदी पकडल्याचा त्यात उल्लेख होता, आणि तो त्याच रात्रीच्या सुमारास कोणीतरी असाच कान लावून टिपला होता.